ओढा कुठे जातो

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे, तुमच्याकडेही बरंच असेल असं धरून लिहायला बसले आहे. तुमचा भाऊ दहा दिवस राहून सोमवारी परत समुद्रावर गेला. आता आठ आठवडे तो आणि त्याची तेलाची विहीर. जाताना नेहमीसारखं म्हणाला, "अण्णा अगदी ठणठणीत आहेत, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस." तो असला की अण्णा ठणठणीत असतात हे खरंच आहे. मुलगा आला की कुठून एवढं बळ आणतात कोण जाणे.

रविवारी फोनवर तुम्ही एकदम विचारलंत आणि मी गडबडले. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच कळवावं. समोरच्या बाईंनी तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही. अण्णांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे. पण त्यात तसं काही नाही हो. दुपारी टेकड्यांकडून वारा सुटतो, तुम्हाला ठाऊकच आहे, आणि ते दार आपटतं. अण्णा दचकून उठतात. म्हणून सुताराला बोलावून कडी लावून घेतली. आतून का नाही, असं तुम्ही म्हणाल. त्याने बाहेरून लावली, मग मीही तशीच राहू दिली.

अण्णांचं खाणंपिणं व्यवस्थित आहे. नावं विसरतात. मला कधी सूनबाई म्हणतात, कधी तुमच्या नावाने हाक मारतात. मी ओ देते.

फिरायचं वेड मात्र सुटलेलं नाही. या टेकड्यांना कोणी डोंगर म्हणायला धजणार नाही, वीस मिनिटांत माथा येतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, यात बघण्यासारखं आहे काय? वाळकं गवत, त्यातून बरगड्यांसारखा वर आलेला पांढरट खडक, हात जाईल एवढ्या भेगा आणि खोलगट जागी साचलेली लाल माती. पाणी नावाला नाही. तेव्हा अण्णांनीच मला हिंडवून दाखवलं होतं. हा सगळा दगड समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा झालाय, पाऊस पडला की पाणी भेगांतून आत उतरतं आणि आतल्या आत त्याला खात राहतं. "वरून बोडका दिसतो, सूनबाई, पण याचं सगळं घरदार आत आहे." एकतीस वर्षं भूगर्भ खात्यात काढलेला माणूस, घरामागच्या टेकड्यांबद्दल असा बोलायचा की मला वाटे, हे कोणा नातेवाइकाविषयी सांगताहेत.

आता त्यांना दिवसभर एकच घोर असतो. घसा. ओढा गिळणारं ते भोक. तुम्ही लहानपणी तिथे कागदाच्या होड्या सोडायचात ना? वरच्या अंगाच्या काळ्या पाटीच्या दगडावरून ओढा छान खळखळत येतो आणि चुनखडी लागली की दोनशे पावलांत त्या भोकात गडप होतो. पुढे कुठे जातो, हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न. खात्याच्या नकाशात त्याचा बाण पूर्वेच्या नदीकडे काढलाय. अण्णांनी आपल्या प्रतीवर पेन्सिलीने दक्षिणेला, गावाच्या झऱ्याकडे काढलाय. पाण्यात रंग टाकून बघायची परवानगी त्यांनी तीनदा मागितली, पिण्याचं पाणी म्हणून तीनदा नाकारली गेली. हे तुम्ही माझ्या आधीपासून ऐकत आला आहात. मी रोज नव्याने ऐकते. सकाळी उठले की टोपी, काठी आणि "घशाकडे जाऊन येतो."

परवा बाजारात आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, "कधी येतेस परत? तुझ्यासारखी स्लाइड कोणाला लावता येत नाही." मी हसून वेळ मारून नेली. दीड वर्ष झालं लॅब सोडून. आठवण येते, पण ते असो.

कडीचं मनाला लावून घेऊ नका. आणि चार वर्षांपूर्वी आपलं जे झालं, ते मीही मनात ठेवलेलं नाही.

सगळ्यांना नमस्कार आणि धाकटीला माझा गोड पापा.

तुमची भावजय


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुमचं पत्र मिळालं. दोनच ओळी होत्या. "वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला आतून कडी लावतात. खरं काय ते लिही." वाचून आधी राग आला, मग रडू आलं.

खरं सांगायचं तर कडी अण्णांसाठी आहे. दिवसातून तीन-चार वेळा, मी आंघोळीला गेले, कपडे वाळत घातले, शेगडीपाशी उभी राहिले की लावते. दुपारी ते झोपतात तेव्हाही लावते. ऑक्टोबरात ते दोनदा एकटेच वर गेले होते. एकदा खाणीच्या ट्रकवाल्याने आणून सोडलं, एकदा मी स्वतः हाताला धरून आणलं. तुम्ही म्हणाल, बरोबर जायचं. जाते ना, रोज सकाळी एकदा जाते. पण परत येऊन चहा घेतला की ते पुन्हा टोपी घालतात. गेल्याचं त्यांना आठवत नाही. मी किती वेळा चढू?

कडी लावली की ते दार वाजवत नाहीत. आत उभे राहून हळू आवाजात विचारतात, "कोणी आहे का?" मी ओट्याजवळ उभी असते आणि उत्तर देत नाही. उत्तर दिलं तर उघडावं लागेल. ताई, दोघांपैकी कोंडलेलं कोण, हे मला कित्येकदा सांगता येत नाही. त्यांना निदान थोड्या वेळाने विसर पडतो.

आता एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. थोडी हसण्यासारखी आहे, म्हणून आधी सांगते की मी हे वेड लागून केलेलं नाही.

माळ्यावरच्या त्यांच्या पेटीत मला एक पत्र्याचा डबा सापडला. आत विटकरी भुकटी होती आणि वर त्यांच्या अक्षरात रंगाचं नाव. मी ओळखली. आमच्या लॅबशेजारचे डोळ्यांचे डॉक्टर हीच डोळ्यात घालून तपासायचे. पाण्यात पडली की हिरवी होते, अगदी चिमूटभरसुद्धा. परवानगी मिळेल या आशेने त्यांनी कधीतरी आणून ठेवली असणार आणि मग नियम मोडायचा नाही म्हणून तशीच ठेवली असणार.

माझ्या मनात आलं, या प्रश्नाचं उत्तर एकदा मिळालं तर? मग कदाचित त्यांचं टोपी-काठी बंद होईल. कदाचित कडी काढता येईल.

मंगळवारी दुपारी ते झोपल्यावर कडी लावून मी वर गेले. दोन वाजता डबा घशात उपडा केला. सगळा नव्हे, अर्धा. घरी येऊन झाकण बघते तर आतल्या बाजूला लिहिलेलं: "दोन चमचे पुरेत."

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी सातला समोरच्या बाई बादली घेऊन माझ्या दारात. "अहो, हे काय आलंय नळाला?" बादलीत पोपटी पाणी, उन्हात धरलं तर आतून दिवा लावल्यासारखं. तासाभरात सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. धोब्याने दवाखान्याच्या चादरी पिळल्या त्या हिरव्या. कोणी म्हणे खाणीचं रसायन, कोणी म्हणे तुरटीत भेसळ. मी दारात उभी राहून "अगंबाई" म्हणत होते.

नऊच्या सुमाराला झऱ्यावरचे पंपवाले सायकलवरून आले, हातात बाटली. वीस वर्षं अण्णा त्यांच्या पंपघरात बसून त्यांचं डोकं खात आले आहेत, त्यामुळे त्यांना कोणाकडे जायचं हे शोधावं लागलं नाही. म्हणाले, "हे तुमच्या घरचं काम आहे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. नखं अजून केशरी होती.

"विषारी नाही हो," मी म्हटलं. "डोळ्यांचे डॉक्टर हेच डोळ्यात घालतात."

"बाई, ते डोळ्यात घालतात. गावात नाही."

ते धुमसतच चपला काढून आत गेले आणि अण्णांच्या खुर्चीसमोर खाली बसले. "अण्णा, तुमचंच खरं निघालं. घशातलं पाणी माझ्याकडे येतं." आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता, ताई. बाटली खिडकीकडे धरली. एकदा हलवली. मग खणखणीत आवाजात विचारलं, "किती तास?"

पंपवाल्यांना सहाच्या फेरीला हिरवं दिसलं होतं. मी बोटांवर हिशेब केला, म्हटलं, "चौसष्ट."

"वाट सरळ नाहीये. नाहीतर एवढा वेळ लागायचा नाही." कागद मागितला. स्वतःच्या हाताने लिहिलं, "६४ तास. दक्षिण." खाली सही केली, तारीख मला विचारून घातली. मग कितीतरी वेळ नुसते हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "मुलीला कळव," म्हणाले. "तिच्या होड्या झऱ्यात गेल्या म्हणावं."

म्हणून कळवते आहे.

पंपवाल्यांनी टाकी रिकामी केली आणि वहीत "शेवाळ, तात्पुरते" असं लिहिलं. अण्णांसाठी केलं त्यांनी, माझ्यासाठी नाही. संध्याकाळपर्यंत पाणी स्वच्छ झालं. मी कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत स्वयंपाक केला.

शनिवारी सकाळी उठून बाहेर आले तर अण्णा टोपी घालून, काठी घेऊन फाटकाशी उभे. "घशाकडे जाऊन येतो."

मी धावत जाऊन तो कागद आणला. त्यांनी चष्मा लावून वाचला, उलटसुलट केला.

"अक्षर माझ्यासारखं आहे," म्हणाले. "पण कोणी लिहिलंय? हे तपासायला हवं."

तर असं आहे. तुम्ही खरं लिही म्हणालात, मी लिहिलं.

तुमची भावजय


१९ मार्च

ताई,

या वेळी खुशाली लिहीत नाही. माझ्या उजव्या पायाला प्लास्टर आहे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. हाडाला तडा गेलाय, निदान पाच आठवडे टेकायचा नाही. तुमच्या भावाला फोनवर हे कळवलं आहे. त्याला मी सांगितलं की मी टेकडीवर घसरले. घसरले हे खरं आहे. त्याच्या आधीचं त्याला माहीत नाही. फोनवर मला खोटं सहज बोलता येतं, लिहिताना हात अडतो, म्हणून तुम्हाला लिहून सांगते.

बुधवारी लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक एप्रिलपासून येतेस का, नाहीतर मी दुसरी मुलगी ठेवते. त्यांनी दीड वर्ष उलटलं तरी जागा धरून ठेवली होती, त्यांना बोल लावायला जागा नाही. मी म्हटलं, "उद्या सांगते." पण मला तेव्हाच माहीत होतं की सांगण्यासारखं काही नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं वर जाऊन आलो, चहा घेतला. अण्णा खोलीत गेले. मी दार ओढून कडी लावली. मग दहा वाजता जाऊन कडी काढली.

विसरून राहिली नव्हती, ताई. आधी लावली होती आणि मग काढली. आवाज न करता काढली. परत येऊन किटलीतला पांढरा थर व्हिनेगर घालून खरवडायला बसले. या पाण्याने महिन्याभरात किटलीला पापुद्रे धरतात. दार करकरलं. काठी भिंतीला टेकवलेली असते, ती उचलल्याचं ऐकू आलं. मग फाटक वाजलं. मी खरवडत राहिले. किटली स्वच्छ झाली, मी पुन्हा एकदा धुतली. मनात काय होतं विचाराल तर मला नेमकं सांगता येणार नाही. एवढंच सांगते की मी घड्याळाकडे बघत होते आणि जितका वेळ जात होता तितकं मला हलकं वाटत होतं.

चाळीस मिनिटं.

मग समोरच्या बाईंनी खिडकीतून हाक मारली, "अण्णा एकटेच गेले वाटतं?" मी म्हटलं, "छे, मी निघालेच आहे मागून." असं बोलून गेल्यावर निघावंच लागलं. मला पश्चात्ताप झाला आणि मी धावले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. बाई खिडकीत उभ्या होत्या म्हणून मी चपला घातल्या.

कोरड्या घळीतून वर जाताना मात्र पाय आपोआप भराभर पडायला लागले. हाका मारल्या. त्या उघड्या खडकावर हाक कुठे आपटत नाही, नुसती निघून जाते.

अण्णा घशाच्या तोंडाशी, थोडं खाली, एका सपाट थरावर बसले होते. बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय पाण्यात. मला बघून म्हणाले, "आलात? उशीर केलात."

त्यांना मी खात्यातली कोणीतरी वाटले. मी म्हटलं, "अण्णा, हलू नका, मी येते," आणि त्यांना धरायला खाली उतरायला लागले. खडकावर पाय ठेवायचा तो लाल मातीवर ठेवला. माती ओली होती. मी त्यांच्या बाजूने घसरत थेट खाली गेले आणि दोन खडकांच्या फटीत छातीपर्यंत अडकले. उजवा पाय कुठेतरी खोल वळून गच्च बसला होता. काहीतरी कट्कन झाल्याचं मला कळलं होतं. ओढ्याचं पाणी पाठीवरून आत जात होतं, इतकं गार की श्वास घेववेना.

मी ओरडले. पाय ओढायला लागले. जितका ओढावा तितका तो अडके. माझ्या डोक्यात आलं की मी कुठे आहे हे फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि तो पाच मिनिटांत विसरणार आहे. उठेल, टोपी घालेल आणि घरी जाईल. किंवा घरीसुद्धा जाणार नाही. आणि हे सगळं मीच जमवून आणलंय.

अण्णा थरावर पालथे झाले. डोकं माझ्या डोक्याच्या हातभर वर.

"ओरडू नका, दम जातो," म्हणाले. "पाय कसा आहे? बोटं हलतात?"

"हलतात."

"मग ओढू नका. खाली सरका."

"खाली? अण्णा, मी आत जाईन!"

"फट वर अरुंद आहे, खाली रुंद होते. पाणी खालून जास्त खातं. आधी खाली जा, पाय मोकळा होईल, मग गुडघा वळवून वर या."

मला ते पटत होतं आणि तरी मी तसूभर हलेना. सगळं अंग वर वर जायला बघत होतं. हा माणूस सकाळी स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवत नाही, याचं ऐकून मी त्या भोकात आणखी खाली जाऊ?

त्यांना ते कळलं असावं. म्हणाले, "माझ्यावर भरवसा नसेल तर राहू द्या. खडकावर ठेवा. याला मी चाळीस वर्षं ओळखतो."

मी डोळे मिटले आणि हात सोडले. कमरेच्या, छातीच्या बाजूने खडक घासत गेला, पाणी हनुवटीला लागलं. आणि पाय सुटला, ताई. खाली खरंच जागा होती.

मग ते एकेक सांगत गेले. डावा पाय त्या कडेवर ठेवा. ती नाही, ती मातीची आहे. हाताने शिंपले लागताहेत का? तोच थर, तो पक्का आहे, धरा. शेवटी काठी खाली सोडली आणि मी तिला धरून त्यांच्या शेजारी येऊन पडले. किती वेळ गेला होता मला माहीत नाही, ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर टाकला आणि मी रडायला लागले. ते शेजारी बसून राहिले, कामावर कोणी पोरगी रडली तर वरिष्ठ माणूस जसा दुसरीकडे बघतो, तसे ओढ्याकडे बघत.

"कुठल्या विभागातून आलात?" त्यांनी विचारलं.

"घरून," मी म्हटलं.

"माझी सून असते घरी. चांगली आहे. दाराला बाहेरून कडी लावते." बूट चढवता चढवता म्हणाले, "एकटी असते ना. भीती वाटत असेल तिला."

मला वाटलं होतं त्यांना कळत नाही.

बाईंना मी परतले नाही म्हणून शंका आली. त्यांनी खाणीवरच्या माणसांना पाठवलं, त्यांनी मला उचलून खाली आणलं. अण्णा पुढे चालत होते आणि कुठे पाय ठेवायचा ते त्यांना सांगत होते. घरी आल्यावर त्यांनी माझ्या पायाकडे बघून विचारलं, "अगंबाई, सूनबाई, हे काय करून घेतलंस?"

आता गेले पाच दिवस समोरच्या बाई दिवसभर इथे बसतात. ज्यांनी तुम्हाला कळवलं म्हणून मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलत नव्हते, त्याच आमचं दोघांचं करतात. तुमच्या भावाला महिनाअखेरपर्यंत सुटी नाही. तो म्हणाला, "ताईला सांगू का?" मी म्हटलं, मीच सांगते.

चार वर्षांपूर्वी तुम्ही अण्णांसाठी खोली तयार करून न्यायला आला होतात. तेव्हा मी तुम्हाला दारात म्हणाले होते की तुमच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा जीव गुदमरेल, आणि वर हेही म्हणाले होते, "मी आहे ना." तेव्हा मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं. तुम्ही न जेवता गेलात. त्या तीन शब्दांत मी चार वर्षं राहते आहे, आणि कोणाला सांगायचं म्हटलं तर तेच शब्द तोंडावर येतात.

मला आता हे जमत नाही, ताई. तुम्ही या.

पायासाठी येऊ नका. पायासाठी आलात तर पाय बरा झाल्यावर जाल. सगळं वाचून, रागावून या. अण्णांना न्यायचं असेल तर न्या, मी अडवणार नाही. इथे राहायचं म्हणालात तर आपण दोघी मिळून काहीतरी वेळापत्रक बसवू. मी केलं ते तुमच्या भावाला सांगायचं की नाही, हे तुम्हीच बघा. तुम्ही सांगितलंत तर मी नाकारणार नाही. लॅबमध्ये मी नाही म्हणून कळवून टाकलंय, त्यामुळे तिकडची घाई कोणाला नाही. स्टेशनवर घ्यायला मात्र मला येता येणार नाही.

पत्र लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचलं आणि फाडून टाकावंसं वाटलं. बाई टपालात टाकायला म्हणून चपला घालून दाराशी थांबल्या आहेत. पाकिटात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. पुन्हा वाचलं तर मी ते देणार नाही, म्हणून इथेच थांबते. त्यांनी हात पुढे केलाय.

तुमची कोण, ते आता तुम्हीच ठरवा.